काळ्याचा फोटो

भुताखेतांच्या गोष्टी मला कधी पटल्या नाहीत, आजही पटत नाहीत. त्यामुळे 'भास झाला असेल' असं लिहायला टपलेल्यांनी तसदी घेऊ नये. पुण्यात, बिबवेवाडीतल्या आमच्या हॉलमध्ये, भर दुपारी काढलेल्या फोटोची गोष्ट आहे ही.

बाबांची बायपास ठरली आणि काकांनी अक्कल पाजळली. घरात फिशटँक ठेवा म्हणे... आठ सोनेरी मासे, एक काळा. काळा मेला की समजायचं, घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं. आणि जन्मभर बँकेत नोकरी केलेल्या बाबांना हे पटलं! ॲडमिट झाल्यावर रोज एकच प्रश्न — काळ्या गेला का? डोकं फिरायचं माझं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी फोटोच दाखव म्हणाले. आयटीतल्या पहिल्या बोनसमधून घेतलेला डिजिटल कॅमेरा होता माझ्याकडे. पडदे ओढले, टँकचा दिवा तेवढा चालू ठेवला. फ्लॅश बंद, कारण तो काचेवर आपटून सगळं पांढरं करतो. लेन्स काचेला टेकवली, उजेड कमी म्हणून आयएसओ आठशे. शटरचा वेग वन बाय सिक्स्टी ठेवला तर मासे हललेले आले, वन बाय टू फिफ्टीला स्वच्छ. स्क्रीनवर झूम करून पाहिलं, काळा मजेत पोहत होता. तो एकच फोटो ठेवला, बाकीचे डिलीट केले.

तासाभरात हॉस्पिटलमध्ये कॅमेरा बाबांच्या हातात दिला. ते बघतच राहिले, मग चक्क हसले. "गेला रे... सुटलो."

मी वाकून पाहिलं. तोच फोटो, तेच आठ सोनेरी मासे. काळा मात्र पोट वर करून पाण्यावर तरंगत होता.

मी कॅमेरा बंद करून खिशात घातला. माणूस हसत ऑपरेशनला जातोय, काय बोलणार? घरी येऊन बघतो तर काळा जिवंत!

ऑपरेशन छान झालं. बाबा घरी आले, सोफ्यावर बसले, आणि समोर काळा. काका लगेच म्हणाले, सॉफ्टवेअरवाला ना हा, केली असेल कॉम्प्युटरवर करामत. खूळ यांचं, आणि खोटारडा मी! मी काही केलं नाही, असं बाबांना हात जोडून सांगितलं.

"उद्या जगतो की मरतो माहीत नव्हतं मला," बाबा म्हणाले. "तेव्हा तरी खरं बोलायचंस."

ऑफिसातल्या फोटोग्राफीवाल्यांना मूळ फाइल दाखवली. फोटोत काही फेरफार केल्याचं कोणालाच सापडलं नाही. संताप आहे नुसता — काकांचा, त्या फोटोचा, आणि हो, बाबांचासुद्धा. अजूनही गोळी मी दिली तर ते घेत नाहीत. आधी आईला पाकिटावरचं नाव वाचायला लावतात.