शाळा सोडल्याचे कारण

शाळेतल्या मैत्रिणीचा, शैलाचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या गेटवर कार्ड दाखवत होते. "आप्पा गेले गं," एवढंच ती म्हणाली. मागं रांग होती, म्हणून मी "हाव, हाव" करत आत शिरले, आणि पॅकिंगच्या टेबलापाशी बसल्यावर मला कळलं की ती काय म्हणाली... त्याला आता दोन महिने होतील. निलंग्याकडून इकडं वापीला येऊन मला चौदा वर्षं झाली. आप्पांशी फोनवर मी शेवटचं जे बोलले ते खोटं होतं. ते आतल्या आत टोचत राहतं, म्हणून लिहायला बसले. नववीतून शाळा सोडलेली बाई आहे मी, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मन्मथआप्पा आमच्या शाळेचे क्लार्क. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, खिशाला एक निळा आणि एक लाल पेन. आमच्या भागात आठवीपासूनच लेकरांच्या कानावर एकच गोष्ट पडते, लातूरला अकरावी. गुरुजी अभ्यासाचं बघायचे. आप्पा म्हणायचे, "लातूरला अभ्यास शिकवणारे लई हायत. कागद कोण शिकवणार?" त्यामुळं आठवीत पाऊल टाकलं की प्रत्येकानं प्लास्टिकच्या कप्प्यांची एक फाईल आणायची. तिला 'कॉलेजची फाईल' म्हणायचं. आठवीत जन्माचा दाखला, नववीत जातीचा, दहावीत रहिवासी, असं एकेक कप्पा भरत न्यायचा, म्हणजे ऐन प्रवेशाच्या वेळी तहसीलला खेटे नकोत. शनिवारी शाळा लवकर सुटायची, तेव्हा आप्पा फाईली तपासायचे. आमच्या वर्गात निम्म्या पोरांची जन्मतारीख एक जून, कारण पहिलीत नाव घालताना गुरुजींनी सोयीनं तीच लिहिलेली. आप्पा रजिस्टर बघून म्हणायचे, "एका दिवसात एवढी लेकरं... त्या सुईणीला भाकर खायला तरी टाइम मिळाला का रे?"

आणि त्यांचा एक नियम होता. "ओरिजिनल फकस्त कॉलेजला. बाकी कुणीबी मागू दे, सायेब मागू दे, झेरॉक्स द्यायची." एका शनिवारी ते मला सहज म्हणाले, "माय, तुझा जन्माचा दाखला दे बरं जरा." मी दिला. त्यांनी तो ड्रॉवरमध्ये टाकून ड्रॉवर लावला. "गेली तुझी अकरावी," म्हणाले. मी रडायला लागले तशी शैला मागून खुदकन हसली. आप्पांनी दाखला परत दिला आणि म्हणाले, "माझ्यावर बी इश्वास ठेवायचा न्हाई, काय?"

नववीच्या दिवाळीत आईला लकवा मारला. उजवी बाजू गेली. धाकटे दोघं, शेत, चूल... शाळेत जाते-जाते म्हणता संक्रांत आली. वडील म्हणाले, शाळा सोडल्याचा दाखला तरी घरात आणून ठेव. मी गेले. आप्पांनी छापील दाखला काढला, नाव लिहिलं, तारीख लिहिली, आणि 'शाळा सोडल्याचे कारण' या ओळीवर थांबले.

"काय लिहू?"

"घरचं काम," मी म्हणाले.

त्यांनी पेन कागदाला टेकवला. मग लिहिलं. मी टेबलाच्या अलीकडून उलटं वाचलं, 'पुढील शिक्षणासाठी'.

"आप्पा, मी कुठं शिकायला चाललेय?"

"शिक्षणासाठी एवढंच लिहिलंय," ते म्हणाले. "कधी, ते कुठं लिहिलंय?" शिक्का मारून त्यावर फुंकर घातली, आणि विचारलं, "ओरिजिनल?"

"फकस्त कॉलेजला," मी म्हणाले, आणि तोंड फिरवून निघाले.

शैला तिची फाईल घेऊन लातूरला गेली, तिथून नांदेडला नर्सिंगला. मी लग्न होऊन वापीला आले. माझी फाईल, त्या दाखल्यासकट, पेटीत साड्यांच्या खाली. कंपनीनं वयाचा पुरावा मागितला, मी झेरॉक्स दिली. घरमालकाला झेरॉक्स, गॅसवाल्याला झेरॉक्स. आमचे हे चिडवायचे, "मंगळसूत्र बी एवढं जपत न्हाईस."

रिटायर झाल्यावरही आप्पा दरवर्षी एकदा फोन करायचे. "सतरा नंबरचा फॉर्म निघालाय गं." शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा तो फॉर्म. मी दरवर्षी काही ना काही सांगायची. सुट्टी नाही, मुलगी लहान, ओव्हरटाइम. खरं कारण वेगळं होतं. त्या फॉर्मला दाखला ओरिजिनल द्यावा लागतो. तो पेटीत होता तोवर त्यावर लिहिलेलं कारण खरं होतं. देऊन बसले आणि नापास झाले तर? या वर्षी माझी मुलगी आठवीत गेली. आप्पांचा फोन आला, आवाज अगदी बारीक. "भरलास का?" मला त्यांना परत नाही म्हणवेना.

"हाव आप्पा, भरला."

"ओरिजिनल दिलं?"

"दिलं."

"मग झालं," ते म्हणाले, आणि हसले. तीन आठवड्यांनी शैलाचा तो फोन.

शेवटची तारीख अजून जायची होती. मी रजा टाकली आणि फाईल छातीशी धरून निलंग्याला गेले. शाळेच्या खिडकीत एक तरुण क्लार्क होता. मी सवयीनं झेरॉक्स पुढं केली. "ताई, ओरिजिनल लागतंय," तो म्हणाला. मी दाखला दिला, पण माझी बोटं सुटेनात. त्याला वाटलं कागद कप्प्याला चिकटलाय. "सावकाश," म्हणाला. मग त्यानं दाखला वरपासून वाचला, कारणाच्या ओळीवर बोट ठेवलं, पुढं सरकला, आणि पंच मशीननं दोन भोकं पाडून गठ्ठ्याला लावून टाकला.

आता फेब्रुवारीची धास्ती आहे. गणित डोक्यात शिरत नाही, मुलगीच शिकवते. फाईल आता तिच्यासाठी बाहेर काढली आहे. परवा तिनं कागद लावताना एक कप्पा रिकामा बघितला आणि विचारलं, "आई, इथला कुठंय?"

"कॉलेजला दिला," मी म्हणाले.

दहावी अजून व्हायची आहे... पण तोंडातून तेच निघालं. तो कप्पा मी तिला भरू दिला नाही.