अण्णांच्या हातातल्या चपला

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळही नाही — त्याला वाटतं, घरातला पाण्याचा फिल्टर माझ्या पगारातून आला.

मी जयसिंगपुरात शिक्षिका आहे. वडिलांच्या माघारी नदीकाठचं थोडं रान माझ्या नावावर झालं. नावावरच म्हणायचं! सोयाबीनचं रोप कुठलं आणि तण कुठलं, मला अजून नीट ओळखता येत नाही. रान कसतात भूपालअण्णा, वडिलांच्या वेळेपासूनचे वाटेकरी. बियाणं त्यांचं, खत त्यांचं, राबणं त्यांचं. पीक आलं की माझा वाटा मात्र घरपोच.

पुरात पीक गेलं की सरकारी मदत येते, ती सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या खात्यावर. आणि आमच्याकडं रीत अशी, की मालकानं ती काढून कसणाऱ्याच्या हातात द्यायची. हे कुठं लिहिलेलं नाही. वडील बँकेतून थेट अण्णांच्या दारात जायचे. लहानपणी मीही बरोबर गेलेली आहे — म्हणजे रीत माहीत नव्हती, असं म्हणायचीही सोय नाही.

त्या वर्षी पूर ओसरल्यावर पंचनामे सुरू झाले. मालक रानात उभा असलेला फोटो हवा होता. अण्णांचा फोन आला, "अक्का, फोटोला या." सोयाबीन काळं पडून कुजलं होतं, वासानं उभं राहवेना. माझ्या चपला चिखलात रुतायला लागल्या, तशा अण्णांनी त्या काढायला लावल्या आणि स्वतःच्या हातात घेतल्या. फोटो काढणारा म्हणाला, "तुम्ही जरा बाजूला व्हा, बाई एकट्याच पाहिजेत." अण्णा बाजूला झाले. माझ्या चपला धरून बांधावर उभे राहिले.

मदत आली. मोबाईलवर मेसेज वाजला तेव्हा मी भाकरी थापत होते. मग अण्णांचा फोन — "आलं का काय, अक्का?"

"नाही अजून," मी म्हणाले.

का म्हणाले? गरज होती का? नव्हती. घरात दोन पगार येतात. नाव माझं, खातं माझं, एवढंच मनात आलं — आणि तोंडातून शब्द गेलासुद्धा. आठवडाभरात फिल्टर भिंतीवर लागला.

अण्णांनी दुभती म्हैस विकली आणि पुढचं पीक उभं केलं. तेव्हा तरी बोलायचं होतं. नाही बोलले.

मग एका दुपारी अण्णा तापलेलेच घरी आले. माझी मदत रखडली म्हणून ते मला न विचारता कचेरीत जाऊन भांडून आले होते. पैसे कधीच जमा झालेत, असं तिथल्या माणसानं सांगितलं, तर अण्णांनी सगळ्यांदेखत त्यालाच खोटारडा ठरवलं.

"म्हटलं, शाळंतल्या बाई हाईत त्या. खोटं बोलतील व्हय?" अण्णा म्हणाले. मग आवाज उतरवून, "तरी एकडाव खातं बघा की, अक्का."

"बघितलं, अण्णा. नाही आलं."

पहिलं खोटं फोनवर होतं. हे तोंडावर. मला लाज वाटली — आणि तरी मी नजर हलवली नाही, याची जास्त वाटते. उन्हातून आलेत म्हणून मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी तांब्या वरून धरून घटाघटा रिकामा केला.

"ग्वाड हाय की पाणी," म्हणाले, आणि आणखी मागितलं. मी फिल्टरची तोटी सोडून तांब्या भरेपर्यंत त्यांच्याकडं पाठ करून उभी राहिले.

त्यांना पुढं कळलं का? माहीत नाही. गावात विषय निघाला की ते अजून सांगतात, अक्कांचं पैसं सरकारनं बुडवलं.

यंदा पुन्हा पाणी रानात शिरलं. अण्णांचा फोन आला. मी गेले. बांधावर त्यांनी सवयीनं हात पुढं केला — "चपला द्या हिकडं, अक्का. घसरशीला."

मी दिल्या.