आकर्षण जास्त भरतं

देवदत्त सर चोर आहेत, हे आधीच सांगून टाकते. आता दशरथमामांबद्दल.

भांडुपच्या आमच्या शाळेत दशरथमामा परब प्रयोगशाळेचे शिपाई. गाव मालवणकडचं, वडील गिरणीत होते. मामा दहावी नापास, पण विज्ञानाचं खूळ असं की शाळा सुटल्यावर लोहचुंबकं घेऊन बसायचे. मी गणिताची शिक्षिका. घरी जायची घाई नसली की बघत बसायची.

दोन चुंबकं जेवढ्या जोरानं ओढतात तेवढ्याच जोरानं ढकलतात का, एवढंच त्यांना ताडून बघायचं होतं. लोखंड नको म्हणून त्यांनी लाकडी तराजू बनवला, पितळी वजनं घेतली. दोन चुंबकांमध्ये पाच पोस्टकार्डांचं अंतर. ओढताना बेचाळीस ग्रॅम भरायचे, ढकलताना सदतीस. रोज तेच, फार तर ग्रॅमभर इकडेतिकडे. सातव्या दिवशी मात्र आकडा भलताच आला, कारण कमरेचा किल्ल्यांचा जुडगा तराजूला खेटला होता.

"वाट लागली बाई, ही नोंद खोडूक होयी," मामा म्हणाले.

विज्ञानाचे देवदत्त सर म्हणजे मामांच्या डब्यातले बांगडे बारा वर्षं खाल्लेला माणूस. ते म्हणाले, "दशरथ, तुझं काहीतरी चुकतंय. पुस्तकात दोन्ही सारखीच आहेत." तरी मामांची नोंदींची वही घेऊन गेले. दोन दिवसांनी परत दिली आणि म्हणाले, हे शिक्षकांच्या प्रदर्शनात मांडू या.

"तक्त्यावर माझा पण नाव घालतील ना, बाई?" मामांनी मला विचारलं. साठीला आलेला माणूस, पण चेहरा लहान पोरासारखा झाला होता.

"का नाही घालणार?" मी म्हटलं.

मुलुंडच्या त्या प्रदर्शनात टेबल मामांनीच उचलून आणलं. तक्त्यावर नाव एकट्या सरांचं. सातव्या दिवसाचा चुकीचा आकडासुद्धा जसाच्या तसा, कारण मामांनी तो खोडला वही परत आल्यावर.

परीक्षकांनी विचारलं, "आकर्षण जास्त का भरतं?"

सरांनी तक्त्यावरचे आकडेच पुन्हा वाचून दाखवले. शेवटी मामाच बोलले, "साहेब, सारखी टोकं समोर आली की एकमेकांचा जोर थोडा दाबतात. वेगळी आली की वाढवतात."

"शिपाई छान तयार केलाय तुम्ही," परीक्षक सरांना म्हणाले.

"मीच शिकवलंय," सर म्हणाले, आणि त्यांना हसूही आलं.

मामा टेबलाच्या पुढे आले. "नाही साहेब. प्रयोग माझा आहे. ह्या बाईंनी रोज बघितलाय."

परीक्षक माझ्याकडे वळले. देवदत्त सर जूनपासून उपमुख्याध्यापक झाले होते. माझं वेळापत्रक, माझी रजा, सगळं त्यांच्या हातात.

"मी गणित शिकवते," मी म्हटलं. "मला यातलं काही माहीत नाही."

सरांकडे मामांनी पाहिलंही नाही. माझ्याकडे पाहिलं.

"बरोबर हा, बाई," ते म्हणाले, आणि टेबलावरची वजनं डब्यात भरायला लागले.