एकतीस म्हणजे मूळव्याधच!

राग गिळता न येणाऱ्या माणसाकडे गोष्टी साठत जातात. माझ्याकडे सहा महिन्यांत पोतेभर साठल्या. माझे शिक्षण तिसरीपर्यंत, आणि आयुष्य गेले कोरगावात काजूच्या बागेत. तेव्हा गोड करून सांगायला जमणार नाही. घडल्या तशा सांगतो.

आम्ही तिघे. मी, वय बहात्तर. कारापूरच्या भागीरथीबाई, वय अडुसष्ट. आणि तुयेचा नितीन, वय एकतीस, तिथल्याच एका कारखान्यात मशीनवर होता. तिघांना एकच आजार, मोठ्या आतड्याचा कॅन्सर. एक मंगळवार सोडून एक, तिघांची केमो एकाच खोलीत. मी आणि नितीन शेजाऱ्याच्या व्हॅनने जायचो, भागीरथीबाई बसने येऊन आमच्या आधी कदेल, म्हणजे खुर्ची, पकडून बसायच्या. खिडकीजवळची. ती कोणाला देत नसत.

*

पहिल्याच दिवशी दारावरच्या सिक्युरिटीने हात आडवा घातला.

"पेशंटबरोबर एकच माणूस. आजोबांना आत सोडा, तुम्ही बाहेर बसा."

नितीन म्हणाला, "मीच पेशंट."

त्याने नितीनला वरपासून खालपर्यंत बघितले. "मग हे कोण?"

"हे पण पेशंट."

"मग बरोबर कोण?"

"मी त्यांच्याबरोबर, ते माझ्याबरोबर!"

पुढच्या दोन वेळांनाही हेच! चौथ्या वेळी मी त्याला सुनावले, "अरे, हा आजार काय पेन्शन आहे? साठ झाल्यावरच मिळतो?"

*

माझा आजार सापडला कसा, ते ऐका. एकदा शौचाला रक्त दिसले. एकदाच! डॉक्टरकडे गेलो. त्याने वय विचारले आणि त्याच दिवशी चिठ्ठी दिली, दुर्बीण घालून आतडे तपासा. पंधरा दिवसांत ऑपरेशन. गाठ लहान होती.

नितीन दहा महिने रक्त बघत होता.

पहिला डॉक्टर म्हणाला, "वय किती? एकतीस? मूळव्याधच! तिखट बंद." दुसरा म्हणाला, "टेन्शन घेऊ नको." तिसऱ्याने लोहाच्या गोळ्या दिल्या. रक्त कमी का झाले, ते विचारले नाही. एकानेही तपासायला हात लावला नाही. शेजाऱ्यांनी सुरण उकडून दिला. मावशीने पुडी आणली. नितीनने सगळे खाल्ले.

वजन बारा किलो उतरले, तर कारखान्यातले म्हणतात, "जिम खंय लावलंस रे? आमकांय सांग!"

शेवटी त्यानेच तिसऱ्या डॉक्टरला विचारले, "कॅन्सर तर नसेल?"

डॉक्टर हसला. "तो म्हाताऱ्यांचा आजार."

नितीन म्हणाला, "मग काय करू? म्हातारा होऊन येऊ?"

*

तो मशीनजवळ चक्कर येऊन पडला, तेव्हा सुपरवायझर धावत आला. "उपाशी असेल. चहा-पाव द्या."

तिथे कोल्हापूरकडचा संभाजी म्हणून कामगार आहे. आडदांड गडी. त्याने नितीनला उचलले, तर स्वतःचा हात लाल झाला. पँट रक्ताने भिजली होती.

सुपरवायझर म्हणतो, "शिफ्ट संपल्यावर ने."

"शिफ्ट तू कर की लेका! मशीन तिकडं हाय, जा!"

आणि बाइकवर मध्ये नितीन, मागे दुसरा गडी धरून, थेट मोठा दवाखाना गाठला. तिथे दुर्बीण घातली तेव्हा कळले. गाठीने आतडे जवळजवळ बंद केले होते, आणि आजार यकृतापर्यंत गेला होता.

तीन डॉक्टरांना दहा महिन्यांत जे दिसले नाही, ते सातवी नापास संभाजीला हात लावल्याबरोबर दिसले. तो नितीनला भेटायला आला तेव्हा मी त्याला म्हटले, "शाळा आपल्या दोघांचीच बरी झाली."

*

केमोच्या खोलीत भेटायला येणारे लोक हा दुसरा आजार.

एक बाई आल्या. भागीरथीबाईंना म्हणाल्या, "तुमचं वयच झालं आता, व्हायचंच." मग वळून नितीनला, "तुझं काय रे हे होण्याचं वय?"

भागीरथीबाईंच्या हातात सलाइनची सुई होती, तरी उठून बसल्या. "म्हणजे माझो कॅन्सर बरोबर आनी तेचो चुकलो? खंयच्या वयात घेवचो तो पंचायतीत लिवन ठेव गे बाय!"

बाई गडबडल्या. म्हणाल्या, "तसं नाही, ही मुलं गाड्यावरचं चायनीज खातात ना."

"मी जन्मभर पेज खाल्लंय. माका कित्याक झालो मगे?"

बाईंनी आणलेली केळी तिथेच ठेवली आणि गेल्या. सिस्टर तोंडाला रुमाल लावून हसत होती.

*

डॉक्टरीण मात्र चांगली. लहान वयाची, पण समोर बसून बोलणारी. सुरुवातीला तिने मला विचारले, घरात पायऱ्या किती, बीपीची गोळी कधी घेता, रात्री सोबत कोण असते.

मग नितीनला विचारले, "लग्न झालंय? पुढे मुलं हवी आहेत? औषधाने त्यावर परिणाम होऊ शकतो. आधी वीर्य साठवून ठेवायची सोय करता येते."

नितीन म्हणाला, "डॉक्टर, मला मुलगी मिळेना, तुम्ही मुलांपर्यंत पोचलात!"

आम्ही सगळे हसलो. तोही हसला. मग भिंतीकडे तोंड करून पडला. सिस्टरने दोनदा हाक मारली तेव्हा वळला.

मी डॉक्टरिणीला विचारले, "आजार एक, मग मी आधी सुटणार आणि हा अडकणार, हे कसे?"

ती म्हणाली, "आजोबा, तुमच्या वयात आम्ही शोधतो. त्याच्या वयात कोणी शोधत नाही. म्हणून उशिरा सापडतो. आणि आता तरुण पेशंट पूर्वीपेक्षा जास्त येतात." मग नितीनला सांगितले, "तुझ्या सख्ख्या भावाची तपासणी करून घे. थांबू नको."

*

भाऊ म्हणजे महेश, सत्तावीस वर्षांचा. त्यालाही दोनदा रक्त दिसले होते. त्याने नितीनला सांगितले, नितीनने मला.

पण त्याच्या लग्नाची बोलणी चालू होती. आई तपासणीला तयार होईना. "दोगांय पोरांक एकच रोग म्हटल्यार चेडू कोण देतलो?" शेवटी म्हणाली, देवाला कौल लावू. देव सांगेल तसे.

आमच्याकडे रीत आहे. गुरव देवाच्या अंगावर पाकळ्या लावतो आणि गाऱ्हाणे घालतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. नितीनने मला बोलावले. मी गेलो. माझा देवावर राग नाही, माणसांवर आहे.

गुरव चाळिशीच्या आतला. त्याने गाऱ्हाणे घातले, "ह्या लेकराक तपासणेक न्हेवचा की नाय, तां सांग महाराजा!"

आम्ही उभे. महेश पाकळ्यांकडे बघत होता, आई महेशकडे.

डावी पडली.

आईने हात जोडले. "देवानच नको म्हटल्यान." नितीन खांबाला टेकून खाली बसला. तो आता फार वेळ उभा राहू शकत नसे.

माझे डोके फिरले. मी देवळातच आवाज चढवला. "नितीनच्या वेळी तीन डॉक्टरांनी नको म्हटले. आता तेच देवाच्या नावावर घाला! आणि गुरवा, पोराला रक्त पडते, हे गाऱ्हाण्यात घातलेस काय? देवाला अर्धे सांगून पुरे उत्तर मागता?"

गुरवाने मान खाली घातली.

मी बाहेर येऊन वहाणा शोधत होतो. मागून पावले आली. गुरव होता. हातातले तबक त्याने पायरीवर ठेवले.

"तात्यानू, मंगळवारी तुमच्या गाडयेत जागा आसता?"

"कोणाक?"

"माका." त्याने इकडेतिकडे बघितले. "वर्स झाला. रगत पडता. मूळव्याध म्हणान गप रवलंय."

मी काही बोलायच्या आधी त्याच्या पाठीमागून आवाज आला. दाराच्या उंबऱ्यात नितीनची आई उभी होती. कधी आली कळले नाही. महेशचे मनगट तिने धरले होते.

"तात्यानू," ती म्हणाली, "दोगांक जागा होतली?"