गुडघ्याच्या व्यायामाला येणारे ॲडमिरल

आखातातल्या अल रीम आयलंडवरच्या आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये गुडघ्याच्या व्यायामाला एक वृद्ध इंग्रज यायचे. कुठल्याशा युद्धात ते ब्रिटिश नौदलाच्या ताफ्याचे प्रमुख होते. कितीही दुखलं तरी चेहरा हलायचा नाही. नजर खिडकीबाहेरच्या समुद्रावर.

आखातात जहाजांवर हल्ले सुरू झाले, त्या आठवड्यात व्यायाम देताना मी आकडे मोजायला दोनदा चुकले.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"सर, माझा भाऊ टँकरवर आहे. इंजिन रूममध्ये."

एवढा मोठा माणूस, धीर देईल असं वाटलं.

"त्याला बूट घालूनच झोपायला सांग," ते हळूच म्हणाले. "पळताना शोधायला वेळ मिळत नाही. माझ्या माणसांना मी हे फार उशिरा सांगितलं."

मी तिथूनच भावाला फोन लावून बुटांचं सांगितलं.

"ताई, चार दिवस आम्ही झोपतोय कुठे?" तो म्हणाला.

सरांना मी ते सांगितलं नाही.