खिडकीतून टाकलेली पर्स

सेनगावला एसटी लागली की जागा धरायला लोक खिडकीतून रुमाल टाकतात. तहसीलमधल्या कारकून बाई मात्र काळी पर्स टाकतात आणि सगळ्यांच्या मागून सावकाश चढतात. आजीच्या कमरेची चंची कामाची होती, पर्स निव्वळ मिरवायची, असं मी आमच्या महिला संघटनेच्या पत्रकात छापलं होतं.

काल पर्सशेजारी मी माझी पत्रकांची झोळी टाकली. चढून पाहते तर झोळी खाली आणि जागेवर एक गडी.

“काहून काढली?”

“पिशवीला कोन इचारतं, पोरी?” तो हसला. पर्सला त्याने बोटही लावलं नव्हतं.

तेवढ्यात बाई आल्या. “दादा, उठा. तिची जागा हाय ती.”

तो मुकाट उठला.

आभार मानायचे सोडून मी हिंगोलीपर्यंत त्या पर्सकडे जळत बघत राहिले. ‘कुठून घेतली?’ हे ओठांवर आलेलं मोठ्या कष्टाने गिळलं.