पाणी येईपर्यंत एमबीए

आमचं खातं पाटबंधाऱ्याचं. धरणात पाणी असलं की आम्हाला बोलायला फुरसत नसते, आणि धरण कोरडं पडलं की बोलण्याशिवाय दुसरं काम नसतं. त्यामुळं पाणी साठलं नाही तरी आमच्याकडं किस्से मात्र भरपूर साठतात. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी तर ठेवायला जागा पुरली नाही.

मी आस्थापनेच्या टेबलावर. स्वामी मॅडम. सगळ्यांच्या रजा, बदल्या, सर्व्हिस बुकं माझ्याच कपाटात. आमच्या उपविभागात तेव्हा तीन तरुण इंजिनिअर होते: उदगीरचा बिराजदार, किल्लारीचा पवार आणि औशाची संघमित्रा गायकवाड. तिघांचं काम एकच. सकाळी धरणाची पातळी मोजायची आणि वर कळवायची. पातळी चार वर्षं हलली नव्हती. सव्वादहाला फोन करून झाला की तिघं संध्याकाळपर्यंत मोकळे.

असंच एकदा बिराजदार म्हणाला, "नुसतं बसून काय करायचं? एमबीए करून टाकू."

साहेब केबिनमधून ओरडले, "धरणात पाणी नसताना पाण्याचं मॅनेजमेंट करून राहिलोय आपण. याच्यापुढं कोण काय शिकवणार तुम्हाला?"

तरी एमबीए ऑफिसात शिरलंच. कधी करायचं, कुठं करायचं, यावर रोज दोन चहा व्हायला लागले.

*

बिराजदारचा हिशेब साधा होता. त्या वर्षी दर पंधरा दिवसांनी पेपरात यायचं की उदगीर नवा जिल्हा होणार. कधी सव्वीस जानेवारीला, कधी एक मेला.

"जिल्हा झाला की कॉलेज येणारच," तो म्हणायचा. "घरी राहून एमबीए. दोन टाइम आईच्या हातची भाकरी. पुण्याला कोण मरायला जातंय?"

शेवटी मीच त्याला ढकलून नेट कॅफेत पाठवलं, निदान सीईटीचा फॉर्म तरी भर म्हणून. कॅफेवाल्यानं नाव घेतलं, जन्मतारीख घेतली, मग विचारलं, "जिल्हा काय टाकू, लातूर ना?"

बिराजदार विचारात पडला. आज लातूर टाकलं आणि परवा उदगीर झालं तर पुढं कागदपत्रांत घोळ.

"दोन दिवस थांबा," तो म्हणाला.

दोन दिवसांनी फॉर्मची तारीख संपली. ह्या गोष्टीला आता कितीतरी वर्षं झाली. बिराजदारकडं एमबीए नाही आणि उदगीरही अजून तालुकाच आहे.

*

पवार मात्र हुशार. तो आधी चौकशी करायचा. किल्लारीला भूकंप झाला तेव्हा तो तान्हा होता, पण त्याचं प्रमाणपत्र पक्कं. नोकरी भूकंपग्रस्त कोट्यातूनच लागलेली. त्यामुळं जगातल्या प्रत्येक फॉर्मवर तो रकाना असतोच, अशी त्याची समजूत. एमबीएच्या फॉर्मवर तो दिसेना, तेव्हा गड्यानं थेट दिल्लीच्या कुठल्यातरी हेल्पलाइनला फोन लावला. स्पीकर चालू, आम्ही सगळे भोवती.

पलीकडून एक पोरगी गोड आवाजात म्हणाली, "सर, आपकी कॅटेगरी?"

"अर्थक्वेक," पवार म्हणाला.

मग ती घाबरून म्हणाली, "सर, आप सेफ तो हैं ना?"

ह्याच पवारनं पुढं एका मोठ्या शहरातल्या खाजगी कॉलेजला फोन केला. तिकडची बाई प्लेसमेंट सांगत होती, वायफाय सांगत होती, परदेशातली सहल सांगत होती. पवार म्हणाला, "ते सगळं असू द्या. होस्टेलला पाणी किती दिवसांनी येतं?"

"चोवीस तास असतं, सर."

पवारनं फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "मॅडम, हे कॉलेज फ्रॉड हाय."

*

ह्या सगळ्यात खरा अभ्यास करत होती ती एकटी संघमित्रा. बोलायची कमी. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताला, पुस्तक दुसऱ्या हाताला. एकदा ती मोठ्यानं गणित वाचत होती: एक नळ टाकी चार तासांत भरतो, दुसरा नळ सहा तासांत भरतो, दोन्ही नळ एकदम सोडले तर टाकी किती वेळात भरेल?

आमचे जीपचे ड्रायव्हर शेखभाई दारात उभे राहून ऐकत होते. त्यांच्या गल्लीत नळाला पाणी येऊन महिना उलटला होता. पुढं होऊन म्हणाले, "दो दो नळ? बेटा, ये टाकी कां पे है, पता लिख के दे. गाडी निकालतौं."

*

संघमित्राला चांगले मार्क पडले. नांदेडला विद्यापीठात नंबर लागला. पुण्याला का नाही, विचारलं तर म्हणाली, "नांदेडला आत्या हाय, मॅडम. आणि आत्याकडं दिवसाआड नळ येतो." एवढं सरळ उत्तर त्या वर्षात मला दुसऱ्या कुणी दिलं नाही.

तिची खरी अडचण घरात होती. वडील गायकवाडबाबा आमच्याच खात्यातून रिटायर झालेले. नांदेडजवळ विष्णुपुरीच्या धरणावर आख्खी नोकरी गेट फिरवण्यात गेली. एक दिवस ते औशाहून इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून माझ्या टेबलासमोर येऊन बसले.

"मॅडम, पोरगी पर्मनंट हाय न्हवं?"

"हो की."

"मग तिला कामून जायचं हाय? आमच्या सात पिढ्यांत साहेबाच्या शेजारी खुर्ची टाकून कुणी बसलं न्हवतं. ही बसली. आता खुर्ची सोडून पुन्हा बाकावर बसती म्हणं."

मी म्हटलं, "बाबा, दोनच वर्षं. नोकरी राहील तिची."

"लिहून देता?"

मी कुठून लिहून देणार? ते उठले, तिच्या टेबलाकडं न बघता निघून गेले. त्या दिवसापासून त्यांनी लेकीशी बोलणं टाकलं. ती घरी गेली की हे विहारासमोरच्या पारावर, ती निघाली की हे घरात. संघमित्रा हे सांगताना हसायची, पण मला काही तिचं ते हसू बघवत नव्हतं.

*

राहिली रजा. अभ्यासाच्या रजेला नोकरी पाच वर्षं झालेली लागते, तिची चारही झाली नव्हती. म्हणजे बिनपगारी घ्यायची, आणि तीही साहेबांच्या मर्जीवर. साहेब माणूस चांगला, पण भित्रा.

"देतो हो, पण पाऊस आला तर? धरण भरलं तर गेटवर माणूस कुठून आणू?"

"साहेब, चार वर्षांत आला का?"

"म्हणूनच म्हणतो, आता येईल."

तीन दिवस ही चर्चा चालली. चौथ्या दिवशी साहेबांनी अर्जावर स्वतःच्या हातानं लिहिलं: 'धरणात पाणी येईपर्यंत रजा मंजूर. पाणी येताच त्वरित हजर व्हावे, अन्यथा सेवा समाप्तीची कारवाई होईल.'

वीस वर्षं मी रजा चढवतेय. आजारपणाची बघितली, बाळंतपणाची बघितली, असली बघितली नाही. पण सही खरी होती, शिक्का खरा होता. म्हणजे पाऊस आला आणि ती परतली तर शिक्षण गेलं, नाही परतली तर नोकरी गेली.

ती नांदेडला गेली. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा, "मॅडम, आभाळ कसं हाय?" मी म्हणायची, कोरडं हाय, अभ्यास कर. आख्खा जिल्हा पावसासाठी देव पाण्यात घालून बसला होता, म्हणजे घालण्यापुरतं पाणी मिळालं तर. आणि मी ढग दिसला की मनात म्हणायची, जा बाबा पुढं. घरी कुणाला सांगायचीही सोय नव्हती. नवऱ्याला एकदा सांगितलं, तर तो दोन दिवस माझ्याकडं चोरासारखं बघत होता.

*

पाऊस आला तो सप्टेंबरच्या शेवटी, आणि आमच्याकडं आलाच नाही. वर, बीडकडं, ढग फुटल्यासारखा कोसळला. रात्रीत आणि दिवसभरात आमचं एवढंसं धरण काठोकाठ. संध्याकाळी साहेब म्हणाले, "मॅडम, गायकवाडला कळवा. उद्या सकाळी गेट उघडायचंय. हजर नसली तर मला वर लिहावं लागेल."

दुसऱ्या दिवशी दहाला तिचा पहिल्या परीक्षेचा पहिला पेपर होता. तिचा फोन बंद. रजेच्या अर्जावर दुसरा नंबर होता तो बाबांचा. लावला. सगळं सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

सकाळी आख्खं ऑफिस धरणावर. बिराजदार, पवार, साहेब, तिघं गेटच्या यंत्राभोवती पुस्तिका घेऊन उभे. पोरांनी नोकरीत उघडं गेट कधी बघितलंच नव्हतं. दांडा हलेना. पाणी वरवर येत होतं. साहेबांचा आवाज चिरकला, "गायकवाड कुठाय?"

"हजर, साहेब."

मागं बाबा उभे. अंगात जुना खाकी शर्ट, बटणं पोटावर ताणलेली. पहिल्या एसटीनं आले होते.

"पोरगी गुतलीय. तिची ड्युटी मी करतो."

साहेब काही बोलायच्या आत त्यांनी पवारला बाजूला केलं. "आधी ब्रेक सोड बाबा. आता फिरव. चार बोटं उचललं की थांब. घाई न्हाई करायची." गेट करकरलं आणि उचललं. खालून पाणी असं सुटलं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. साहेबांनी टोपी काढून हातात घेतली.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. पावणेदहा झाले होते. संघमित्रा. "मॅडम, हितं एक पोरगी म्हणून राहिली लातूरकडं पाणी आलंय. मी विद्यापीठाच्या गेटाबाहेरच उभी हाय. निघू का?"

मी बाबांकडं बघितलं. बाबांनी हात पुढं केला. मी मोबाइल दिला.

"मी बोलतोय," ते म्हणाले. तीन महिन्यांनी. "पाणी? कसलं पाणी? थेंब न्हाई. तू पेपरला बस."

तिनं विचारलं असावं, मग हा आवाज कसला. बाबांनी सुटलेल्या गेटाकडं एकदा बघितलं आणि मोबाइलभोवती दोन्ही हातांचा आडोसा करून ओरडले,

"टँकर आलाय, टँकर!"